फोन नाई आला म्हणजे वाट मोकळी

रविवार, १६ मार्च

अखेर पिपरटोल्याला, नव्या नोकरीच्या गावी, पोहोचले. मूल गावाहून चंद्रपूर, चंद्रपूरहून मोहर्लीच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत बस, आणि पुढे आमच्या वन्यजीव संस्थेच्या जीपमधून गफ्फारभाईंच्या शेजारी बसून. गफ्फारभाई संस्थेचे तंत्रज्ञ. जंगलातले कॅमेरे आणि त्यांचे सौर पॅनेल तेच सांभाळतात. त्यांचा रोजा होता, तरी वाटेत जीप थांबवून त्यांनी माझ्यासाठी थंड पाण्याची बाटली घेतली आणि मी पीत असताना ते मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिले. रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडांखालची जमीन लोकांनी पाला जाळून स्वच्छ केली होती. त्या काळ्या वर्तुळांत पिवळसर फुले पडलेली दिसत होती आणि सगळ्या हवेला गोड, आंबूस वास होता.

माझी राहण्याची सोय मनसारामभाऊंच्या घरी झाली आहे. ते ढिवर. गावतलावातले मासे आणि थोडे धान यांवर घर चालते. घरात त्यांची पत्नी कुंताबाई आणि नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली मुलगी रिंकू. माझी पुस्तकांची ट्रंक उचलताना कुंताबाईंनी विचारले, की हिच्यात दगड भरून आणले काय. आत पुस्तके आहेत हे कळल्यावर त्या आणखीच हसल्या. जेवायला तलावातले झिंगे आणि भात होता. मी काहीच बोलत नाही हे पाहून त्यांनी न विचारता माझ्या ताटात भात वाढला आणि रिंकूला म्हणाल्या,

"पोरगी बोलत नाई, पण जेवते बरी. टिकंल इथी."

मराठी माध्यमातून जिल्ह्यात पहिली आले, तेव्हा सत्काराच्या व्यासपीठावर मला आभाराची दोन वाक्येही पुरी करता आली नव्हती. येथे कोणी भाषण मागणार नाही. यंत्रासमोर बसायचे आणि नीट काम करायचे. मी फार आनंदात आहे.

मंगळवार, १८ मार्च

काम समजून घेतले. जंगलाच्या कडेला झाडांना कॅमेरे बांधले आहेत. समोरून वाघ गेला, की त्याचे छायाचित्र समाजमंदिराला लागून असलेल्या आमच्या खोलीतल्या यंत्रावर येते. प्रोग्रॅम ते ओळखतो आणि गावातल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी कॉल लावतो. फोन उचलला, की ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते. पूर्वी ती नागपूरच्या एका निवेदिकेच्या आवाजात होती. लोक ती कंपनीची जाहिरात समजून फोन कापत. मग गफ्फारभाईंनी कुंताबाईंना यंत्रासमोर बसवून त्यांच्या बोलीत बोलायला लावले. ते आज मी प्रथम ऐकले:

"भाऊ हो, बाई हो, मी कुंता बोलून राह्यली. मोठा आला हाय. आज मोहाले जाऊ नोका. घरीच राहा."

जंगलात जाणारी माणसे येथे वाघाचे नाव उच्चारत नाहीत, मोठा म्हणतात. आवाज किंचित घोगरा आहे आणि शेवटच्या दोन शब्दांवर लेकराला दटावावे तसा जोर आहे. हा फोन कोणी कापत नाही.

आणखी एक गोष्ट कळली, जी संस्थेच्या कोणत्याही अहवालात नाही. उजाडण्याआधी गावातल्या बाया टोपल्या घेऊन आमच्या अंगणात जमतात. मोहाची फुले पहाटे गळतात. उशीर केला तर हरणे आणि डुकरे खाऊन जातात. बाया थोडा वेळ बसतात, एकमेकींची थट्टा करतात, मध्येच फोनकडे पाहतात. फोन वाजला नाही, की उठतात. रिंकू म्हणाली, की आता गावाचा हा नेमच झाला आहे: फोन नाई आला म्हणजे वाट मोकळी. आमच्या यंत्राच्या मौनालाही अर्थ आहे, हे ऐकून मला अभिमान वाटला.

शुक्रवार, २१ मार्च

आजचा दिवस सेटिंग्जच्या फाइलमध्ये गेला. माझ्या आधीच्या अभियंत्याने फाइलमध्ये सगळेच कोंबून ठेवले होते: कॉल लावणाऱ्या सेवेचा पासवर्ड, गावकऱ्यांचे क्रमांक, आवाजाची फाइल कोठे आहे ते, सारे उघड्यावर. हे चुकीचे आहे. प्रोग्रॅम लिहिण्याची शिस्त अशी, की गुप्त असलेले आणि जागेनुसार बदलणारे जे काही आहे, ते फाइलमध्ये लिहू नये. यंत्राच्या भोवतालात, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाहेर, ठेवावे. त्यांना एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रोग्रॅम जागा होताना आधी भोवतालाला विचारतो. भोवतालाने उत्तर दिले, तर तेच अंतिम. फाइलमध्ये काही का लिहिलेले असेना. उत्तर मिळाले नाही, तरच फाइलमधली डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली, किंमत तो घेतो.

मी दोन महत्त्वाचे व्हेरिएबल केले. एक, कॉल खरोखर लावायचा की नुसती नोंद करून ठेवायची. दुसरा, कोणाचा आवाज वाजवायचा. पहिल्याची डिफॉल्ट किंमत काय ठेवावी, यावर मी बराच विचार केला. चाचणी करताना चुकून साऱ्या गावाचे फोन वाजले, तर केवढा संकोच. म्हणून डिफॉल्ट ठेवले: लावू नकोस, नोंद कर. खरी किंमत, म्हणजे 'लाव', भोवतालात लिहिली.

आमचे प्रकल्पप्रमुख प्रफुल सर नागपूरला असतात, त्यांना कळवले. ते मोजकेच बोलतात, पण आज म्हणाले की, साधना, इतके स्वच्छ काम त्यांनी या प्रकल्पात पाहिले नव्हते. शेवटी फक्त माझ्या फोनवर, थोड्या वेळाने लागेल असा, चाचणीचा कॉल लावला. घरी जाऊन तो घेतला, तेव्हा कुंताबाई आतल्या खोलीत चुलीपाशी रिंकूला काहीतरी सांगत होत्या आणि माझ्या कानातही त्याच बोलत होत्या. मी फोन पटकन बंद केला. का, ते सांगता येत नाही.

सोमवार, २४ मार्च

दुपारपासून वादळ. समाजमंदिरावरचा एक पत्रा उडाला, वीज गेली, मग बॅटरीही संपली; दिवेलागणीच्या सुमारास वीज परत आली. मी खोलीवर जाऊन पाहिले. यंत्र आपले आपण उठले होते आणि प्रोग्रॅमही सुरू झाला होता. हिरवा दिवा लागलेला. छायाचित्रेही येत होती. मी कुलूप लावून परत आले.

वादळाने मोहाची फुले भरपूर गळणार, म्हणून बाया उद्यासाठी आतुर आहेत. कुंताबाईंनी दोन टोपल्या काढून ठेवल्या आहेत.

मंगळवार, २५ मार्च

कुंताबाई गेल्या.

उजाडण्याआधी अंगणात बाया जमल्या होत्या. मी अंथरुणातून त्यांचे हसणे ऐकत होते. फोन वाजला नाही. त्या उठल्या. कुंताबाईंच्या घराण्याचा मोह नाल्याच्या काठावर आहे. तेथे त्या एकट्याच वळल्या. वाकून वेचत असताना मागून. कोणाला ओरडणेही ऐकू आले नाही. बायांनी हाका मारल्या, ओ आली नाही, तेव्हा त्यांनी जाऊन पाहिले. एक टोपली भरलेली होती.

मनसारामभाऊंना तलावावरून बोलावून आणले. ते आले, ओले जाळे खांद्यावर तसेच.

बुधवार, २६ मार्च

लिहिलेच पाहिजे. निदान येथे तरी.

काल लोक वनखात्याच्या माणसांसोबत नाल्यावर होते, तेव्हा मी खोलीवर गेले. कॅमेऱ्याने छायाचित्र पाठवले होते. प्रोग्रॅमने ते ओळखले होते. बाया अंगणात बसल्या होत्या त्याच वेळची नोंद तेथे होती, शुद्ध, नीटस: सूचना तयार, कॉल लावला नाही, नोंद केली.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. ते व्हेरिएबल मी माझ्या लॉगिनमध्ये लिहिले होते. मी स्वतः लॉगिन करून प्रोग्रॅम सुरू करी, तेव्हा ते त्याला सापडत. वादळानंतर यंत्र एकटे उठले. त्याने भोवतालाला विचारले, कॉल लावू का? भोवतालात कोणी नव्हते. मग त्याने माझे डिफॉल्ट घेतले. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही अशी ही चूक आहे, आणि मी ती करून वर हिरवा दिवा पाहून परत आले.

गफ्फारभाई सायंकाळी अंगणात आले. मनसारामभाऊ खाली मान घालून बसले होते, रिंकू दाराला टेकून उभी होती. गफ्फारभाईंनी मला विचारले, खरे तर विचारलेही नाही, स्वतःच उत्तर देऊन टाकले:

"वादळात टावरच गेला होता ना, मॅडम?"

मी म्हणाले, हो.

एवढेच. सगळ्यांनी मान हलवली. कोणीतरी टॉवरच्या कंपनीला शिव्या दिल्या. मी यंत्रातला दोष दुरुस्त केला आहे. आता व्हेरिएबल लॉगिनमध्ये नाहीत, यंत्राबरोबरच जागे होतात. काम अगदी निर्दोष झाले आहे.

रिंकूने मला जेवायला वाढले. आईसारखाच, न विचारता, जास्तीचा भात.

शनिवार, २९ मार्च

नाल्याकाठी, ती जागा जेथे आहे तेथे, जाणारा-येणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो. ढीग आताच गुडघ्यापर्यंत आला आहे. मीही ठेवला. माझ्या हातून तो दोनदा घरंगळला.

गावातले वृद्ध मुखरूभाऊ तेथे होते. त्यांनी मला समजावले, की मोठ्याने नेलेले माणूस जात नाही. ते त्याच्या डोक्यावर बसते आणि ओळखीच्या आवाजात हाक मारते. हाक कितीही मायेची असली, तरी ओ द्यायची नाही. ते हे इतक्या साधेपणाने बोलले, जणू नाल्याला पाणी किती आहे ते सांगत होते.

प्रफुल सरांचा फोन आला होता. आवाज तातडीने बदला म्हणाले. मृत व्यक्तीचा आवाज फोनवरून पाठवणे बरे नाही. ते बरोबर आहे. नवी सूचना रिंकू बोलणार आहे. मी तिला विचारले, ती हो म्हणाली.

मनसारामभाऊ हे ऐकून खोलीवर आले. जुना आवाज पुसण्याआधी एकदा ऐकवा, म्हणून त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. त्यांनी माझ्यासमोर. मी ऐकवला. 'घरीच राहा' संपले आणि भाऊ सवयीने, जाळे विणता विणता घरातल्या हाकेला उत्तर द्यावे तसे म्हणाले,

"आलो व."

मग आपण काय बोललो ते त्यांना कळले. गफ्फारभाई दारात उभे होते. त्यांनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हटले. ते उद्या ईदसाठी चंद्रपूरला घरी जात आहेत, दहा-बारा दिवसांनी परततील.

मी त्याच क्षणी सांगायला हवे होते. ते दोघेही समोर होते. वाक्य तयार होते, व्याकरणासकट.

बुधवार, २ एप्रिल

रिंकूचा आवाज बसवला. जुनी फाइल पुसली. व्हेरिएबलमध्ये नवे नाव लिहिले, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, माझ्या फोनवर चाचणीचा कॉल लावला.

कुंताबाई बोलल्या.

माझीच काही चूक असणार. आता स्वतःवर विश्वास ठेवावा असे माझ्याजवळ काय आहे? भोवतालाला विचारून पाहिले: आवाज कोणाचा? उत्तर आले: कुंता. मी पुन्हा रिंकू लिहिले, पुन्हा विचारले, रिंकू आले. प्रोग्रॅम बंद करून सुरू केला. कुंता.

ज्या फाइलचे नाव ते सांगते, ती फाइल यंत्रात नाही. मी सगळीकडे शोधले. व्हेरिएबल कोणी बदलले याची नोंद नाही. सेटिंग्जच्या फाइलमध्ये मी ठळक अक्षरांत रिंकू लिहून ठेवले. उपयोग नाही, भोवताल बोलला, की फाइलचे ऐकायचे नाही, हा नियम मीच केला आहे.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज पहाटे अंगणात बाया जमल्या आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. माझा वाजला नाही.

मी बाहेर धावले. वाटले, निदान सूचना तरी गेली, आवाज कोणाचाही असो. पण बाया टोपल्या उचलत होत्या. शेजारची पत्रूची बायको डोळे पुसत मला म्हणाली,

"कुंताचा फोन होता. वाट मोकळी हाय म्हणते. या म्हणते."

मी म्हणाले की असा फोन आम्ही लावलेला नाही. फार हळू म्हणाले असेन. कोणी थांबले नाही. त्या गेल्या, आणि भरलेल्या टोपल्या घेऊन सुखरूप परतल्या. दिवसभर गावात आनंद आहे. कुंता मेल्यावरही गावाची काळजी घेते, असे बोलत आहेत. फक्त मुखरूभाऊंनी आपला फोन तलावात फेकून दिला; लोक त्यांना हसले.

यंत्रात आज पहाटेची एकही नोंद नाही. छायाचित्र नाही, कॉल नाही.

यावर एकच उपाय आहे. अंगणात उभे राहून सांगायचे, फोनवर विश्वास ठेवू नका. ते विचारतील, काऊन? आजवर तर ठेवतच होतो ना? मग मला सांगावे लागेल, की त्या दिवशीही टॉवर बंद नव्हता.

उद्या सांगेन.

रविवार, ६ एप्रिल

काल सांगितले नाही. बाया जमल्या, मी उंबऱ्यापर्यंत गेले, रिंकूने वळून पाहिले आणि मी पाणी प्यायला आले असे दाखवले.

आज—

आज पहाटे छायाचित्र आले. मी खोलीवरच होते, डोळ्यांनी पाहिले. नाल्याचा कॅमेरा. तो मोहाखाली बसलेला होता, मांजरासारखा, तोंड गावाकडे. त्याच्या कपाळावर, दोन कानांच्या मध्ये, काहीतरी फिकट. धुके असेल. यंत्राने त्याला ओळखले. पडद्यावर लिहून आले: कॉल लावला. आवाज रिंकू. मला हायसे वाटले. खरोखर वाटले.

घरी आले तर चूल विझलेली. रिंकूने सांगितले, की बाबांना फोन आला. त्यांनी कानाला लावला, हसले, आणि अनवाणीच निघाले. जाताना म्हणाले, "आलो व." तिने विचारले कुठी, तर म्हणाले, तुही माय एकटी वेचून राह्यली.

मी धावत गेले. नाल्याच्या अलीकडे पाय थांबले; समोर भाऊ मोहाकडे चालताना दिसत होते. ओरडायला हवे होते. मी ओरडले नाही.

मनसारामभाऊ परतलेले नाहीत.

सोमवार, ७ एप्रिल

सापडले. दगडांचे आता दोन ढीग आहेत.

लोक म्हणतात बायकोच्या दुःखाने वेडे होऊन गेले. मी ऐकून घेतले. पुन्हा ऐकून घेतले. मी यात आता फार तरबेज झाले आहे.

प्रफुल सरांनी विचारले, यंत्रणा व्यवस्थित चालू आहे ना. मी म्हणाले, हो.

मग जाऊन ती बंद केली. प्रोग्रॅम थांबवला, तारा उपटल्या, बॅटरीची जोडणी तोडली, खोलीला कुलूप घातले. किल्ली ट्रंकेत, पुस्तकांखाली.

मंगळवार, ८ एप्रिल

भर दुपार. बाहेर ऊन असे की गल्लीत कुत्रेही नाही. सगळ्या घरांतले फोन वाजले. एकदम. भिंतींच्या आत, प्रत्येक भिंतीच्या आत. आणि मग सगळीकडे तोच घोगरा आवाज, थोडा थोडा मागे-पुढे.

यंत्र बंद आहे. मी पुन्हा जाऊन पाहिले. बंद आहे. मग भोवताल कोणाशी बोलतो आहे?

या वेळी माझाही वाजला. उचलला. ओ दिली नाही. दिली नाही हे नक्की. तरी त्या बोलल्या—

"पोरी, टावर बंद होता. तुही चूक नाई."

माझेच खोटे. मला परत देत होत्या. दटावणी नव्हती. माया होती. ती सहन होईना.

मी आत गेले आणि रिंकूला सांगितले. सगळे. व्हेरिएबल, डिफॉल्ट, लॉगिन, नोंद, हो. तिला त्यातले काय कळले असेल. मी रडत होते, ती रडत नव्हती. गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"मले माहीत हाय. आईनं सांगतलं."

मी विचारले, केव्हा. तिने एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली,

"तिले तुमच्या तोंडून ऐकाचं हाय. उद्या मोहाखाली येऊन सांगा म्हणते. मंग कोणालेच नाई बोलावत."

मग कोणालाच नाही.

मी हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द खरा होता.

बुधवार, ९ एप्रिल

उजाडते आहे. रिंकू अंगणात उभी आहे, दोन टोपल्या घेऊन. बाया जमल्या आहेत. आज कोणी थट्टा करत नाही. गफ्फारभाई येईपर्यंत थांबावे असे वाटले होते. पण थांबणे म्हणजे काय, ते मला आता माहीत आहे.

वाक्य पाठ केले आहे. कुंताबाई, टॉवर चालू होता. मी तुमचा फोन लावला नाही. मी 'नको' लिहिले होते. मनसारामभाऊंना मी थांबवले नाही. एवढेच. एवढे बोलता येईल.

भीती वाटते. पण त्याहून— हलकेही वाटते. मी बोलले की संपेल. बाया घरी राहतील. रिंकू घरी—

फोन वाजले. सगळ्यांचे.

माझा खाटेवर आहे. वाजतो आहे. घेत नाही. बाहेर त्यांनी घेतले. इथपर्यंत ऐकू येते. पण हा आवाज—

घोगरा नाही. बारीक. लाजरा. इथल्याच बोलीतली वाक्ये, पण असे सरळ, न अडखळता मला कधी—

"भाऊ हो, बाई हो, मी साधना बोलून राह्यली. वाट मोकळी हाय. या."

मी हे कधी बोलले नाही. कधीच नाही. कोणी मुद्रित— बाया टोपल्या उचलत आहेत. रिंकू इकडे पाहत नाही, मी येथे दारात असून ती— रिंकू, थांब, ती मी नाही, मी इथे आहे, मी तर अजून गेले—